एकाच घरातील दोन मजले आणि खिडक्यांवरची प्लास्टिक फिल्म

शिकागो शहराच्या वायव्य भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बांधलेली ‘टू-फ्लॅट’ घरे रांगेने उभी आहेत. विटांच्या भिंती, दर्शनी बाजूला रस्त्याकडे पुढे आलेला तीन खिडक्यांचा भाग, मागे लाकडी जिना आणि एकावर एक दोन स्वतंत्र बिऱ्हाडे, अशी त्यांची ठेवण असते. प्रस्तुत प्रकरण अशाच एका घराचे आहे. खालच्या मजल्यावर थोरला भाऊ, त्याची पत्नी आणि दोघा भावांची आई राहतात. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. शिकागोच्या परिसरातील बरीच मराठी कुटुंबे नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरांत, दुहेरी काचेच्या खिडक्या असलेल्या अलीकडच्या घरांत राहतात, त्यामुळे त्यांच्यावर हा प्रसंग सहसा येत नाही. शहरातले जुने घर घेणाऱ्याला मात्र पहिल्याच हिवाळ्यात आपल्या खिडक्यांची खरी ओळख होते.

थंडी पडू लागल्यावर दोन्ही भावांनी एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, खिडकीच्या चौकटीवर खोलीच्या बाजूने चिकटपट्टीने लावून हेअर ड्रायरने ताणायच्या पारदर्शक फिल्मचे संच आणले आणि एकाच आठवड्यात दोन्ही मजल्यांवर ते लावले. जानेवारीत परिस्थिती अशी होती: खाली दर्शनी खोलीतली फिल्म वारा सुटला की खोलीच्या बाजूला फुगत होती आणि तिची चिकटपट्टी कोपऱ्यांतून सुटू लागली होती. वर चिकटपट्टी जागच्या जागी होती, फिल्म ताणलेली आणि उलट काचेकडे किंचित आत ओढलेली होती, पण फिल्म आणि काच यांच्यामध्ये पाणी साचत होते. मुलीच्या खोलीतल्या खिडकीच्या खालच्या आडव्या फळीवर डाव्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. खालच्यांचे म्हणणे होते की हा माल तकलादू आहे. वरच्यांचे म्हणणे होते की प्लास्टिक लावल्यानेच घर ओलसर झाले. माझे काम इमारतींतील उष्णतेच्या गळतीची तपासणी करण्याचे असल्याने या घराशी असलेल्या ओळखीतून ते पाहण्याचे माझ्याकडे आले. एकच वस्तू दोन मजल्यांवर परस्परविरुद्ध वागत असेल, तर दोष त्या वस्तूत शोधण्याआधी त्या दोन मजल्यांवर हवा कशी फिरते ते पाहावे लागते, आणि या प्रकरणातले जवळजवळ सगळे उत्तर तिथेच सापडले.

खिडकीची घडण

या घरांतल्या मूळ खिडक्या लाकडी असून त्यांत वरखाली सरकणाऱ्या दोन झडपा असतात. झडप वर उचलली की ती जागच्या जागी राहावी म्हणून तिला सुती दोर बांधलेला असतो. तो चौकटीतल्या कप्पीवरून जाऊन चौकटीच्या बाजूच्या पोकळ कप्प्यात उतरतो आणि त्याच्या टोकाला बिडाचे वजन लटकलेले असते. हा कप्पा खिडकीच्या दोन्ही अंगांना, खालपासून वरपर्यंत, पूर्ण रिकामा असतो. त्यावर खोलीच्या बाजूने रुंद शोभेची पट्टी ठोकलेली असते आणि ती पट्टी भिंतीच्या गिलाव्याला जिथे टेकते तिथे शंभर वर्षांत कमीअधिक फट पडलेली असतेच. झडपा एकमेकींना जिथे भेटतात ती मधली फट, झडप आणि चौकट यांच्यातली फट, कप्पीभोवतीचे भोक आणि पट्टीमागची ही फट, अशा चार वाटांनी हवा ये-जा करते. पहिल्या दोन वाटा सर्वांना दिसतात. उरलेल्या दोन सहसा कोणी पाहत नाही.

मूळ काच एकेरी आहे. तिच्या बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतली दुसरी काच, म्हणजे ‘स्टॉर्म विंडो’, बसवण्याची पद्धत आहे. या घरात वरच्या मजल्यावर सर्व खिडक्यांना स्टॉर्म होत्या; खालच्या मजल्यावर दर्शनी तीन खिडक्यांच्या स्टॉर्म आधीच्या मालकाने काढून टाकल्या होत्या. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

फिल्मकडून नेमकी अपेक्षा काय

फिल्म दोन वेगवेगळी कामे करते आणि ती एकमेकांत मिसळल्याने पुष्कळ गैरसमज होतात. पहिले काम म्हणजे काचेच्या आत स्थिर हवेचा एक थर कोंडणे. दुसरे म्हणजे फटींतून येणारा वारा अडवणे. पहिले काम ती चांगले करते, दुसरे ती नाइलाजाने करते.

पहिल्या कामाचा हिशेब सोपा आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून साधारण ५.७ वॅट उष्णता बाहेर जाते. आत २१ आणि बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस असेल, तर फरक ३६ अंशांचा होतो, आणि काचेचा खोलीकडचा पृष्ठभाग उणे ५ ते उणे ६ अंशांवर येतो. अशा काचेजवळ बसलेल्या माणसाला थर्मोस्टॅट काहीही दाखवत असला तरी थंडी वाजते, कारण त्याच्या अंगातली उष्णता थेट त्या गार पृष्ठभागाकडे जाते, शिवाय काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली घसरते आणि पायांवर येते. दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतरावर फिल्म ताणून बसवली की गळती जवळजवळ निम्म्यावर येते आणि खोलीकडचा पृष्ठभाग, म्हणजे आता फिल्मचा पृष्ठभाग, ६ ते ७ अंशांवर चढतो. दुसऱ्या काचेइतका हा फायदा पूर्ण मिळत नाही, कारण इतकी पातळ फिल्म काचेसारखी उष्णतेची प्रारणे पूर्णपणे अडवत नाही. त्यातली काही तिच्यातून पार निघून जातात. अंतर फार वाढवूनही उपयोग नसतो, कारण रुंद पोकळीत हवा स्वतःच वरखाली फिरू लागते. फिल्म काचेला टेकली तर थरच उरत नाही, आणि टेकलेल्या जागी लगेच दव धरते.

तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हातात धरून दुरून तापमान मोजण्याचे जे स्वस्त यंत्र मिळते, ते काचेचे तापमान ठीक सांगते, पण पातळ फिल्मवर रोखले तर फिल्म आणि तिच्या मागची काच यांचे काहीतरी मधलेच मूल्य दाखवते. फिल्मवर कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावून त्यावर यंत्र रोखले की खरा आकडा मिळतो.

खालचा मजला

आता वाऱ्याकडे वळू. थंडीत घरातली गरम हवा हलकी असल्याने वर चढते, वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून बाहेरची हवा आत येते. घर जितके उंच आणि बाहेरची थंडी जितकी कडक तितका हा ओढा जास्त. सहा मीटर उंची आणि ३६ अंशांचा फरक धरला तर तळापासून माथ्यापर्यंत दाबातला एकूण फरक दहा पास्कलच्या आसपास येतो. त्यातला साधारण निम्मा तळाशी हवा आत ढकलतो आणि निम्मा माथ्याशी बाहेर ढकलतो. या घरात दोन बिऱ्हाडे स्वतंत्र असली तरी मधला बंदिस्त जिना तळघरापासून माळ्यापर्यंत जातो आणि दोन्ही मजल्यांची दारे त्यात उघडतात, त्यामुळे हवेच्या दृष्टीने ते एकच घर आहे.

पाच पास्कल म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण फिल्मचे क्षेत्रफळ मोठे असते. ०.९ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच खिडकीवर पाच पास्कलचा भार सातशे ग्रॅमच्या आसपास होतो. त्यात ताशी २४ किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर दाब तीस पास्कलपर्यंत जाऊ शकतो आणि तोच भार चार किलोंवर पोहोचतो. दर्शनी खिडक्यांना स्टॉर्म नव्हत्या, झडपांच्या फटी मोकळ्या होत्या आणि आतून फिल्म मात्र चारही बाजूंनी पक्की चिकटवलेली. म्हणजे काच असूनही वाऱ्याच्या लेखी ती खिडकी उघडीच होती, आणि सगळा दाब एका पातळ फिल्मवर आणि तिला धरून ठेवणाऱ्या बोटभर रुंदीच्या चिकटपट्टीवर येत होता. तिथे पट्टी सुटली नसती तरच नवल.

चिकटपट्टीच्या बाबतीत आणखी एक कारण होते. स्वयंपाकघर आणि दर्शनी खोली यांच्यामध्ये दार नाही, आणि रोजच्या फोडणीचा, तळणीचा तेलकट पापुद्रा लाकडावर इतका हलका बसलेला होता की डोळ्यांना दिसत नव्हता, पण पांढऱ्या कपड्यावर पुसताच पिवळसर उमटत होता. संचातल्या सूचनांत ‘पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा असावा’ एवढेच असते. आपल्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या लाकडाला साबणाचे पाणी आणि ते वाळल्यावर स्पिरिटचा हात, दोन्ही लागतात. शिवाय चिकटपट्टी गार लाकडाला धरत नाही. ही कामे ऑक्टोबरच्या उबदार दुपारी करावीत, पहिला बर्फ पडल्यावर नव्हे.

इथे उपाय सरळ होता आणि तो फिल्मशी संबंधित नव्हता. आधी झडपांमधली कडी नीट आवळून दोन्ही झडपा एकमेकींशी घट्ट भिडवल्या. नंतर मधल्या फटीत आणि चौकटीच्या कडेने रोप कॉक, म्हणजे बराच काळ न वाळणारी, दोरीच्या वेटोळ्यात मिळणारी मऊ पुटी, अंगठ्याने दाबून बसवली. वसंतात ती सोलून काढता येते. त्यानंतर लाकूड साफ करून नवी चिकटपट्टी, आणि मग नवी फिल्म. वाऱ्याचा मोठा भार आता झडपेवर पडू लागला आणि फिल्मला तिचे मूळ काम तेवढे उरले. पुढच्या वादळी रात्री ती हलली, फुगली नाही.

वरचा मजला

वरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते आणि त्यात माझा बराच वेळ गेला. पहिला पुरावा फिल्मनेच दिला होता: तिचा खोलीकडचा पृष्ठभाग पूर्ण कोरडा होता आणि पाणी फक्त तिच्या मागे, काचेवर होते. खोलीत आर्द्रता मोजली तर २१ अंशांना ४५ टक्के, म्हणजे त्या हवेचा दवबिंदू, ज्या तापमानाला तिच्यातून दव पडू लागते तो, साडेआठ अंशांच्या जवळ. स्टॉर्म, मूळ काच आणि फिल्म असे तीन थर असताना, बाहेर उणे १५ असता, फिल्म १२ अंशांच्या आसपास राहते, म्हणून तिच्यावर दव पडत नाही. तिच्या मागची काच मात्र १ अंशाच्या जवळ येते. हे फिल्मचेच कर्तृत्व आहे: उष्णता खोलीत अडवल्यामुळे मूळ काच पूर्वीपेक्षा जास्त गार होते. त्या काचेपर्यंत खोलीतली दमट हवा पोहोचली नाही तर काही बिघडत नाही. पोहोचली तर पाणी ठरलेले. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की हवा फिल्मच्या मागे जाते कुठून.

घरच्यांचा तर्क असा होता की चिकटपट्टी कुठेतरी सुटली असेल. त्यांनी कडेने दुसरी पट्टी मारली होती आणि तरीही पाणी येत होते. मी देवघरातली उदबत्ती मागून घेतली. खालून आलेल्या आई दारातून म्हणाल्या, “भाऊ, उदबत्ती देवाला ओवाळायची सोडून भिंतीला काय ओवाळताय?” पण वाऱ्याचा माग काढायला उदबत्तीसारखे साधन नाही. न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा पंखा बंद ठेवून, बाहेर फारसा वारा नसताना, ती फिल्मच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात राहिला. म्हणजे चिकटपट्टी निर्दोष होती. मग ती वीतभर बाहेर, शोभेची पट्टी गिलाव्याला टेकते त्या रेषेवर नेली. कमरेच्या उंचीवर धुराची रेघ एकदम वाकली आणि दोऱ्यासारखी बारीक होऊन लाकडामागे नाहीशी झाली.

वाट उघड झाली होती. खोलीतली दमट हवा शोभेच्या पट्टीमागच्या फटीतून वजनांच्या पोकळ कप्प्यात, तिथून कप्पीच्या भोकातून काच आणि फिल्म यांच्यामधल्या पोकळीत, आणि पुढे झडपेच्या फटींतून बाहेर जात होती. फिल्म चिकटवली होती ती शोभेच्या पट्टीच्या दर्शनी अंगावर, त्यामुळे कप्पी फिल्मच्या आत राहिली होती. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी ती अवस्था होती. माथ्याकडचा दाब हवा बाहेर ढकलणारा असल्याने हे वरच्याच मजल्यावर घडले. खालच्या मजल्यावर त्याच वाटेने बाहेरची कोरडी हवा आत येत होती, आणि कोरडी हवा कितीही आली तरी तिच्याने काच भिजत नाही.

गळती किती लहान असली तरी पुरते, हे पाहण्यासारखे आहे. २१ अंशांच्या, ४५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे आठ ग्रॅम बाष्प असते. ती १ अंशापर्यंत गार झाली की तिच्यात पाच ग्रॅमच राहू शकते. उरलेले तीन ग्रॅम काचेवर उतरते. एका खिडकीतून ताशी अर्धा घनमीटर हवा अशी गेली, जी कोणाला हाताने जाणवणारही नाही, तरी दिवसाला ३६ ग्रॅम आणि महिन्याला लिटरभर पाणी होते. ते काचेवरून ओघळून खालच्या फळीवर येते, आणि फिल्ममुळे तिथे वारा लागत नसल्याने वाळत नाही. बुरशी डाव्या कोपऱ्यात का, याचेही उत्तर होते: घर जुने असल्याने चौकट किंचित डावीकडे कललेली होती.

आर्द्रता इतकी का, हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होय. चार जणांच्या घरात श्वास, आंघोळी, स्वयंपाक मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास बाष्प हवेत जाते. इथे माणसे तीनच होती, पण मुलीचे कपडे रोज घरातच, हीटरच्या झरोक्याजवळ घोडीवर वाळत घातले जात. एका वेळच्या धुण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. रोज कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न सोडता जाळीतून गाळून परत खोलीतच सोडणारा होता. त्यावर कडी म्हणजे मुलीच्या खोलीत रात्रभर ह्युमिडिफायर चालू असे. तो लावण्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे, कारण शिकागोच्या हिवाळ्यात नाक कोरडे पडते, ओठ फुटतात आणि लहान मुलांना रात्री खोकला येतो; पण खालच्या मजल्यावरची हवा कोरडी आहे म्हणून वरची हवाही तशीच असेल असे धरून तो चालवला जात होता. प्रत्यक्षात घरभरची बाष्पाने भरलेली हवा वरच चढत होती. या मजल्याला त्या यंत्राची गरज नव्हती.

स्टॉर्मच्या खालच्या पट्टीला पाणी आणि ओल बाहेर जाण्यासाठी दोन बारीक भोके ठेवलेली असतात. आधीच्या कोणी तरी वारा येतो म्हणून ती सिलिकॉनने बुजवून टाकली होती. कडाक्याच्या रात्री स्टॉर्मच्या काचेवर आतून बर्फाची जाड नक्षी उमटायची, आणि ऊन पडल्यावर ती वितळून पाणी जायला वाट नसल्याने लाकडात मुरायचे. हिवाळ्यातल्या खिडकीचा नियम असा की सर्वांत घट्ट थर खोलीच्या बाजूचा असावा आणि बाहेरचा थर किंचित मोकळा. इथे तो बरोबर उलटा झाला होता.

वरची दुरुस्ती याच क्रमाने केली. ह्युमिडिफायर बंद केला, कपडे तळघरातल्या ड्रायरमध्ये जाऊ लागले, आणि स्वयंपाकाच्या वेळी न्हाणीघराचा बाहेर हवा सोडणारा पंखा दार उघडे ठेवून चालू ठेवायची सवय लावली. बाहेर उणे १८ च्या खाली पारा गेला की घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत ठेवायची असे ठरले. फिल्म काढून काच आणि फळी पुसून दोन दिवस वाळू दिली आणि बुरशी साबणाच्या पाण्याने, कोरडी न खरवडता, पुसून काढली. शोभेची पट्टी आणि गिलावा यांच्यातली फट रंग देता येईल अशा पाणी-आधारित कॉकने, म्हणजे नळीतून दाबून भरायच्या लुकणाने, चहूबाजूंनी भरली. कप्पीभोवतीच्या भोकांवर चिकटणाऱ्या टोप्या लावल्या. स्टॉर्मची भोके सुईने मोकळी केली. मगच नवी फिल्म ताणली. त्याच आठवड्यात पाणी थांबले असे म्हणता येणार नाही, कारण लाकडातली जुनी ओल बाहेर पडत होती. पुढे फेब्रुवारीत काच कोरडी राहिली, एका अतिथंड पहाटे खालच्या कडेला बोटभर धुके धरले तेवढेच.

माळ्याकडे जाणाऱ्या झाकणालाही रबरी पट्टी लावली. याबाबत एक खुलासा आवश्यक आहे, कारण माळा बंद केला की खिडक्यांचा प्रश्न आपोआप सुटेल असे अनेक जण सांगतात. माथ्याची गळती बुजवल्याने घरातून जाणारी एकूण हवा नक्कीच घटते, गॅस वाचतो, खालच्या मजल्यावरचा वाराही कमी होतो. पण माथ्याची वाट बंद झाली की वरच्या मजल्यावर उरलेल्या वाटांवरचा बाहेर ढकलणारा दाब थोडा वाढतो. म्हणजे वरच्या खिडक्यांच्या आतल्या फटी नीट भरलेल्या असणे अधिकच गरजेचे होते.

लावण्याच्या कामाबद्दल थोडे

फिल्म वरच्या कडेपासून लावावी, चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जादा ठेवावी आणि हेअर ड्रायर कोपऱ्यांपासून सुरू करून सतत हलवत ठेवावा. एका जागी थांबला की भोक पडते. जादा भाग ताणून झाल्यावरच कापावा. फिल्मसमोरचा जाड पडदा रात्री पूर्ण ओढू नये. खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मग तिच्यावरच दव धरते. मुलीने पहिल्याच दिवशी फिल्ममध्ये बोट खुपसले. तिथे पारदर्शक पट्टीचा तुकडा लावला आणि तो हिवाळाभर टिकला. तिच्या खोलीतल्या दोन खिडक्यांपैकी मागच्या लाकडी जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीवर मात्र फिल्म लावली नाही. आगीच्या वेळी तिथून बाहेर पडता यायला हवे. घर घट्ट केले की घर तापवणाऱ्या गॅसवरच्या फर्नेसचा आणि पाणी तापवण्याच्या टाकीचा धूर चिमणीतून नीट जातो ना, हेही तपासून घ्यावे लागते. कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या खोल्यांपासून पंधरा फुटांच्या आत असणे इलिनॉय राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे. वरच्या मजल्यावरचा गजर होता, त्याची बॅटरी नव्हती.

पैशांचा हिशेब

किती वाचले, हे फक्त दोन महिन्यांची बिले समोरासमोर ठेवून सांगता येत नाही, कारण शिकागोचा एक जानेवारी दुसऱ्यासारखा नसतो. इथल्या जानेवारीतले सरासरी किमान तापमान उणे ७-८ अंशांच्या आसपास असते, पण ३० जानेवारी २०१९ रोजी ओ’हेअर विमानतळावर पारा उणे ३१ च्या घरात गेला होता. म्हणून हंगामाच्या एकूण थंडीवरून अंदाज काढलेला बरा. स्टॉर्म नसलेल्या, एकेरी काचेच्या, वर दिलेल्या मापाच्या खिडकीवर हिवाळाभर फिल्म राहिली, तर ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसला दहा ते बारा थर्म (गॅसच्या बिलावरचे उष्णतेचे एकक) गॅस कमी लागतो. स्टॉर्म असलेल्या खिडकीवर हाच आकडा चार थर्मच्याही खाली येतो, कारण तिथे एक थर आधीच असतो. वाऱ्याची गळती थांबल्याने होणारी बचत याव्यतिरिक्त, आणि फटी किती मोठ्या होत्या त्यावर ती अवलंबून असते. पाच खिडक्यांचा संच पंधरा-वीस डॉलरांना मिळतो. तेव्हा खालच्या तीन दर्शनी खिडक्यांचा खर्च पहिल्याच हिवाळ्यात भरून निघतो. वरच्या खिडक्यांचाही निघतो, पण रोप कॉक आणि पट्टीमागच्या फटीत भरलेले कॉक यांनी तिथे जास्त काम केले असे माझे मत आहे. फिल्म घेण्यासाठी पैसे मोजताना कोणी हात आखडत नाही आणि तीन-चार डॉलरच्या कॉकच्या नळीकडे मात्र दुर्लक्ष होते, हे मी अनेक घरांत पाहतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी फिल्मचा मोठा गुण म्हणजे तिने घरात कायमचा बदल होत नाही. मात्र खोली गरमच होत नसेल तर तो भाडेकरूने प्लास्टिक लावून सोसायचा प्रश्न नव्हे. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून या काळात, जिथे हीटर भाडेकरूच्या ताब्यात नसतो तिथे, घरमालकाने दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे अनुक्रमे २० आणि १९ अंश सेल्सिअस, इतके तापमान राखावे असा शहराचा नियम आहे.

उतरवताना

या प्रकरणातला सर्वांत जोखमीचा भाग एप्रिलमध्ये येतो आणि संचाच्या खोक्यावर त्याची नीट कल्पना दिलेली नसते. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ मध्ये बंदी आली; त्याआधीच्या घरांत, विशेषतः खिडक्यांवर, वरच्या थरांखाली शिसेयुक्त रंग असण्याची शक्यता मोठी असते. चिकटपट्टी झटकन ओढली की तिच्यासोबत रंगाचे पापुद्रे निघतात, आणि ज्या घरात दोन वर्षांचे मूल जमिनीवर खेळते तिथे त्या पापुद्र्यांची धूळ खिडकीखाली पडणे ही गार वाऱ्यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. म्हणून पट्टी आधी हेअर ड्रायरने गरम करून, लाकडाला समांतर, हळूहळू सोलावी. खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा. त्या वेळी मुलीला खालच्या मजल्यावर आजीकडे ठेवावे. सुटलेले तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत, कोरडा झाडू फिरवू नये, आणि उघड्या पडलेल्या जागा कधीही कोरड्या घासू नयेत. मुलीची शिशासाठी रक्ततपासणी तिच्या डॉक्टरांकडून करून घेण्याचे तिच्या आईने मनावर घेतले, आणि खिडक्यांच्या रंगाची चाचणी करून घ्यायचे दोघा भावांनी ठरवले.

खालच्या दर्शनी तीन खिडक्यांसाठी आता नव्या स्टॉर्मची मापे घेतली आहेत. त्या बसल्या की तिथे फिल्मची गरज उरणार नाही. वर मुलीच्या एका खिडकीवर आणि उत्तरेकडच्या जेवणाच्या खोलीत ती पुढच्या ऑक्टोबरातही लागेल, आणि त्याआधी शोभेच्या पट्ट्यांमागचे कॉक कुठे तडकले आहे का, हे उदबत्ती घेऊन पुन्हा पाहावे लागेल.